आबा जेवत नाहीत

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आबा आमच्याकडे राहायला आले आणि एकोणीस दिवस जेवले नाहीत.

आबा म्हणजे सरडा. दीड फुटाच्या आसपास लांबी, वाळूचा रंग, अंगाच्या दोन्ही कडांना मऊ काट्यांची झालर. इंग्रजीत याला बिअर्डेड ड्रॅगन म्हणतात, कारण चिडला किंवा घाबरला की गळा फुगवतो आणि तो काळा पडतो, दाढी आल्यासारखा. माझ्या भाच्याने त्याचं नाव स्पाइक ठेवलं होतं. आईने पहिल्या दिवशी चष्मा सावरून नीट बघितलं आणि म्हणाली, "अगं, हे तर थेट आपल्या मालगुंडच्या आबांसारखे बसलेत." गळ्याची सैल कातडी, अर्धे मिटलेले डोळे आणि वाटणीत आपल्यावर अन्याय झालाय असा चेहरा. नाव तेव्हाच ठरलं. आणि आबा म्हटल्यावर अहो-जाहो आलंच. चाळीतली चार वर्षांची पोरंसुद्धा "आबा उठले का?" असं विचारायला लागली.

भाचा शिकायला जर्मनीला गेला. जाताना म्हणाला, "मावशी, आता तुझ्याकडेच राहू दे." त्याच्या आईकडे दोन मांजरं आहेत आणि माझ्याकडे 'नाही' म्हणायची ताकद नाही, हे त्या घरातल्या सगळ्यांना माहीत आहे. गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांत चार फूट लांब, दोन फूट उंच काचेची पेटी कुठे ठेवायची यावर एक संध्याकाळ गेली. शेवटी शिवणाचं मशीन पोटमाळ्यावर गेलं आणि आबा गॅलरीकडच्या खिडकीशी आले. उजेड येतो, सकाळचं ऊन येतं, येणाऱ्या-जाणाऱ्यांची सोबत होते. मला वाटलं, घरातली सगळ्यात चांगली जागा दिली.

चाळीत पाहुणा आला की तो एका घराचा राहत नाही. दोन दिवसांत तिन्ही मजल्यांनी दर्शन घेतलं. रात्री साडेनऊला जेवणं उरकून माणसं यायची, खिडकीच्या गजांना नाक लावून उभी राहायची. पहिल्या मजल्यावरचे एक काका मला बाजूला घेऊन म्हणाले, "घोरपड पाळणं गुन्हा आहे, माहिती आहे ना?" गुन्हा आहे हे खरंच. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घोरपडीला पहिल्या अनुसूचीत ठेवलंय, तिला घरात ठेवलं तर तुरुंग. पण आबा घोरपड नव्हेत. ते आपल्या बागेतल्या, मान वरखाली करणाऱ्या सरड्याच्या कुळातले, फक्त ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातले. काकांना ते पटलं की नाही कळलं नाही. पोरांना मात्र घोरपड हा शब्द मिळाला आणि मग ओघाने तानाजी, सिंहगड, यशवंती. "मावशी, दोर बांधला तर आबा चढतील?" आबा त्या वेळी पेटीच्या कोपऱ्यात पोट टेकून पडले होते. चढणं सोडा, मान उचलायचीही त्यांची इच्छा दिसत नव्हती.

एक गोष्ट मात्र ते करायचे. अधूनमधून एक हात उचलायचे आणि हवेत सावकाश गोल फिरवून खाली ठेवायचे. अगदी टाटा केल्यासारखं. पोरं वेडी झाली. खिडकीबाहेरून सगळी टाटा करायची, आबा परत करायचे. कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला, तो चाळीच्या ग्रुपवर फिरला. मीसुद्धा तो ऑफिसात चौघींना दाखवला. आबा रुळले, असंच मला वाटलं.

फक्त जेवत नव्हते.

भाच्याने लिहून दिलं होतं: मोठ्या झालेल्या या प्राण्याचं बरंचसं जेवण पाला-भाजीचं, बाकी किडे. पहिल्या दिवशी लाल भोपळा किसून ठेवला. शिवला नाही. दुसऱ्या दिवशी पालक बारीक चिरून ठेवला. भाच्याला फोटो पाठवला तर तिकडून ओरडला, पालक रोजचा नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून ठेवतं. मग शेवग्याचा पाला आणला. मग कोथिंबीर, मेथी, गाजराचा कीस, आणि आईने देवासाठी आणलेल्या जास्वंदीतली दोन फुलं. रोज सकाळी ताटली भरायची आणि संध्याकाळी सुकलेला पाला काढायचा. सुपरवर्म नावाच्या जाड अळ्या चिमट्यात धरून मी त्यांच्या तोंडासमोर हलवल्या, नाकाला लावल्या. आबा मान फिरवायचे. दुसऱ्या बाजूने जायचे, तर परत इकडे.

आता माझं ऐका. मी अशा घरात वाढले जिथे ताटावरून उठायला परवानगी लागते. "एवढीशीच घे", "माझ्यासाठी एक", "गरम आहे तोवर", ही आमच्याकडची प्रेमाची भाषा. भांडण झालं तरी कुणी सॉरी म्हणत नाही, तूप वाढतात. समोरचा नाही म्हणाला की तो खरं नाही म्हणतोय असं धरायचंच नाही, दोनदा नाही म्हणणं हा नुसता शिष्टाचार, तिसऱ्यांदा पोळी पडतेच. त्यामुळे आबांनी मान फिरवली की मला ते नाही ऐकूच येत नव्हतं. मी ऑफिसला जाताना, आल्यावर, रात्री झोपताना पेटी उघडत होते. त्यांना उचलून मांडीवर घेत होते. आई त्यात भर घालत होती. "उकडत असेल बिचाऱ्यांना," म्हणून तिने एका दुपारी पेटीच्या जाळीवर ओला पंचा पसरला. शेजारच्या काकूंनी मीठ-मोहरी ओवाळून दृष्ट काढली. काकूंना मी हसले नाही. चौदा जणांनी रोज टक लावून बघितल्यावर दृष्ट लागत असेल, तर ती आबांनाच लागायची होती.

भाच्याने स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज वजन करायला सांगितलं होतं. (तो काटा आता आबांचा. आमच्यासाठी दुसरा आणला. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो, आणि आई एक्याऐंशीची आहे. आबांची ताटलीही मोरीत वेगळी धुतली जाते.) आले त्या दिवशी ३८६ ग्रॅम. सहाव्या दिवशी ३७५. अकराव्या दिवशी ३६४. मी ऑफिसच्या डायरीत, प्रीमियमच्या आकड्यांच्या खाली, हे आकडे लिहीत होते.

अकराव्या दिवसाची रात्र लक्षात आहे. पाऊस धो धो, चाळ झोपलेली. मी पेटीसमोर स्टुलावर बसले आणि चक्क बोलायला लागले. काय हवंय? भाच्याची आठवण येतेय का? त्याला व्हिडिओ कॉल लावू? ही जागा आवडली नाही? मशीन विकून टाकते, आणखी मोठी पेटी करते. बोलता बोलता मला एकदम बाणगंगा आठवली.

बाबा गेले १९९६ च्या श्रावणात. दहाव्याला आम्ही वाळकेश्वरला बाणगंगेवर. दादाने पिंड ठेवले आणि सगळे भोवती उभे. कावळे होते, भरपूर होते, पण शिवत नव्हते. अर्धा तास झाला. मग सुरू झालं. आत्याने हात जोडून सांगितलं, वहिनीला एकटं पाडणार नाही. दादा म्हणाला, कर्ज मी फेडतो. कुणीतरी बाबांच्या रेडिओचं काढलं. एकेक जण पुढे होऊन कबूल करत होता आणि कावळा कठड्यावर मान वाकडी करून बसलेला. शेवटी मोठे काका म्हणाले, "धाकटीच्या लग्नाचं आम्ही बघतो," आणि कावळा आला. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. सत्तावीस वर्षांची मी, ओल्या पायऱ्यांवर, मान खाली घालून. काकांनी पुढे काही बघितलं नाही आणि मीही त्यांना आठवण करून दिली नाही. कावळ्याने मात्र ते मान्य केलं होतं असा रेकॉर्ड आमच्या घराण्यात आहे.

न बोलणाऱ्याच्या मनात काय आहे ते ओळखायचा हा आमचा जुना सराव. मी आबांपुढे तेच करत होते.

बाराव्या दिवशी सुट्टी टाकली. आईच्या मते परळच्या बैलघोड्यात, म्हणजे जनावरांच्या इस्पितळात, न्यायला हवं होतं. तिच्या लहानपणी दूधवाल्याची म्हैस तिथे बरी झाली होती. पण भाच्याने उपनगरात असले परदेशी प्राणी बघणाऱ्या एक डॉक्टरीणबाई शोधून दिल्या होत्या. टॅक्सीने गेलो. आबा भोकं पाडलेल्या खोक्यात, शेजारी फडक्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली, आणि पर्समध्ये आठव्या दिवशी मिळालेला शीचा नमुना, होमिओपॅथीच्या बाटलीत. टॅक्सीवाल्याने आरशातून विचारलं, कोण आजारी आहे? मी म्हटलं, आबा.

बाईंनी आबांना हात लावायच्या आधी माझ्या फोनवर पेटीचे फोटो मागितले. ते बराच वेळ बघितले. मग एकेक प्रश्न. दिवा जमिनीपासून किती उंच? ट्यूब कधी घेतली? पेटीला किती बाजूंनी काच आहे? बाहेर काय दिसतं? मी भोपळा-मेथीची यादी पाठ करून गेले होते, तिला त्यांनी हातच लावला नाही.

दिव्याचं असं झालं होतं. भाच्याच्या घरी पेटीत एक लाकडाचा ओंडका होता, त्यावर चढून आबा दिव्याखाली बसायचे. टेम्पोतून आणताना तो मोडला. मी त्याला शोभेची वस्तू समजले आणि टाकून दिला. त्यामुळे आबा पेटीच्या तळाशी, दिव्यापासून दोन फूट खाली. बाईंनी विचारलं, तिथे तापमान किती असेल? मी म्हटलं, मुंबईत काय उष्णता कमी आहे का? त्या हसल्या. म्हणाल्या, हा आपला उकाडा. याला लागतं ते तापलेल्या दगडाचं ऊन, अडतीस ते बेचाळीस अंश, पाठीवर. आणि शेजारी पंचवीस-अठ्ठावीसची सावली, म्हणजे नको झालं की तिकडे जाईल. या प्राण्याच्या शरीरात स्वतःची शेगडी नसते. अंग तापलं नाही तर पोट चालत नाही, आणि पोट चालत नसताना खाल्लं तर ते आतच कुजतं. "तो हट्ट करत नाहीये, शहाणपणा करतोय."

म्हणजे आबांची भूक पोटात नव्हती, पाठीवर होती.

ट्यूब दोन वर्षांची. पेटते छान, पण तिच्यातली अतिनील किरणं सहा महिने ते वर्षभरात ओसरत जातात, आणि ती नसली तर ड जीवनसत्त्व नाही, ते नाही तर कॅल्शियम हाडात जात नाही. खिडकीचं ऊन? ते किरण काच अडवते, त्यामुळे माझ्या 'सगळ्यात चांगल्या जागे'चा त्या बाबतीत उपयोग शून्य. ओला पंचा ऐकून त्यांनी डोक्याला हात लावला. या प्राण्याला तीस-चाळीस टक्के दमट हवा पुरते, जूनच्या मुंबईत ती दुप्पट असते, आणि आम्ही वर पंचा.

मग त्यांनी आबांच्या टाळूवर बोट ठेवलं. मधोमध एक फिकट ठिपका आहे. तो तिसरा डोळा. त्याने चित्र दिसत नाही, पण उजेड आणि सावली कळते. वरून सावली पडली म्हणजे घार. मी दिवसातून चार वेळा वरून हात घालून त्यांना प्रेमाने उचलत होते.

"आणि हात हलवतो का?"

मी उत्साहाने व्हिडिओ काढून दाखवला. बाईंनी तो पूर्ण बघितला. "तुम्ही माझ्यापेक्षा मोठे आहात, मी मान्य करतो, मला मारू नका, असं म्हणतोय तो," त्या म्हणाल्या. पडद्यावर पोरं हसत होती आणि टाटा करत होती. मी फोन पर्समध्ये टाकला.

बाकी तपासणी भराभर झाली. नर होता, त्यामुळे अंड्यांची शंका नाही. मादी अंडी घालायच्या आधी खाणं सोडते. पोटात काही अडकलेलं लागलं नाही. शीमध्ये थोडे जंत निघाले, पण आधी ऊब, मग गरज पडली तर औषध. त्यांच्या मूळ मुलखात जूनमध्ये थंडी असते आणि हे प्राणी थंडीत महिनोन्‌महिने झोपून काढतात, म्हणून मी विचारलं, झोपेची वेळ असेल का? तर म्हणाल्या, झोपेत वजन फारसं उतरत नाही, याचं उतरतंय. पण मोठा, भरल्या अंगाचा आहे, काही आठवडे काढेल. नव्या घरात आठ-पंधरा दिवस न खाणं हे नवल नव्हे. वजन दहा टक्क्यांहून जास्त उतरलं तर लगेच या. तोंड उघडून भरवायचं नाही. उचलायचं नाही. "आणि एक. तुम्ही याच्याकडे फार बघता."

परत येताना टॅक्सीत मी त्या मुलखाचा विचार करत होते. १९२६ साली एका जर्मन शास्त्रज्ञाने या जातीला शास्त्रीय नाव दिलं, पोगोना व्हिटिसेप्स. पोगोना हे ग्रीक दाढीवरून. १९६० च्या दशकापासून ऑस्ट्रेलिया आपले असे प्राणी विकायला बाहेर पाठवत नाही. म्हणजे जगभरच्या घरांतले आबा हे कुठल्या कुठल्या पिढ्यांपूर्वी बाहेर पडलेल्यांची, पेटीत जन्मलेल्यांची पोरं. यांनी ते लाल माळरान पाहिलेलंच नाही. आमच्या चाळीत अशी पुष्कळ माणसं आहेत. "आमचं गाव" म्हणतात, आणि गावात कुलदैवताच्या अभिषेकापलीकडे राहिलेली नसतात. तरी पावसाळ्यात त्यांची हाडं काहीतरी मागतातच.

घरी आल्यावर पेटी हलवली. गॅलरीपासून लांब, कपाटाच्या आडोशाला. तीन बाजूंना बाहेरून वर्तमानपत्र चिकटवलं, कारण काचेत दिसणारं स्वतःचं प्रतिबिंबही त्याला दुसरा सरडा वाटू शकतं. पाहुण्यांना दाराशी थांबवायला सुरुवात केली. दोन काकू रुसल्या, एक अजून बोलत नाही. ट्यूब मागवली. दिव्याजवळ जायला उंची हवी होती, तर आई पलंगाखाली वाकली आणि पाटा ओढायला लागली. मिक्सर आल्यापासून त्याच्यावर चटणी वाटली गेली नव्हती. दोन विटा, त्यावर पाटा, आणि हलत नाही ना हे दहा वेळा तपासून वर दिवा. दुकानातून तापमान मोजायची बंदूक आणली होती. पेटीचा तळ ३३. पाट्याची पाठ ४१. शंभर वॅटचा दिवा बारा तास, म्हणजे रोज सव्वा युनिटच्या आसपास. बेस्टचं बिल या महिन्यात आई बघणार नाही याची काळजी घ्यायची.

आबा त्याच संध्याकाळी पाट्यावर चढले. चपटे झाले, भाकरीसारखे पसरले आणि तोंड किंचित उघडून बसले. रंग पिवळसर व्हायला लागला. जेवले मात्र नाहीत.

राहिलं होतं ते आईच्या लक्षात आलं. आई गेली कित्येक वर्षं, बाबा गेल्यापासून, रोज दुपारी जेवायच्या आधी कावळ्याला घास ठेवते. गॅलरीच्या कठड्यावर, खिडकीच्या बरोबर समोर. घास ठेवला की दोन-तीन कावळे येतात, भांडतात, गजांवर बसतात. बारा दिवस रोज दुपारी आबांपासून हातभर अंतरावर, काचेपलीकडे, चोची. मी ऑफिसात, मला दिसलंच नव्हतं. आईने बघितलं होतं की कावळा आला की आबांचा गळा काळा पडतो. "मला वाटलं, रागावतात. त्यांना आधी वाढलं नाही म्हणून," ती म्हणाली.

आता पेटी आडोशाला होती, तरी कावकाव ऐकू येणारच. दुसऱ्या दिवसापासून आईने घास मोरीच्या खिडकीत ठेवायला सुरुवात केली. कावळ्यांना ते कळायला चार दिवस लागले. तोवर ते जुन्या जागी येऊन आईच्या नावाने ओरडत राहिले, आणि आई मोरीच्या खिडकीतून "अरे इकडे, इकडे" म्हणून हाका मारत राहिली. त्या चार दिवसांत तिचंच जेवण अडीचला गेलं.

मला उगाच वाटत राहिलं की बाणगंगेवर त्या दिवशी आम्ही चाळीस माणसं पिंडांना चिकटून उभी होतो. काकांनी हात जोडले तेव्हा त्यांच्याबरोबर सगळे चार पावलं मागे सरकले होते का, हे कुणाला विचारावं? दादाला आठवत नाही.

दरम्यान किडे. भाचा म्हणाला, अळ्यांपेक्षा रातकिडे बघ, हलतात म्हणून नजर जाते. घरात रातकिडे वाढवून विकणारा एक मुलगा सापडला, त्याने दादर स्टेशनच्या पुलावर डबा दिला. स्लो लोकलमध्ये, लेडीज डब्यात, माझ्या मांडीवरून किर्रर्र सुरू झालं. समोरची बाई पर्समध्ये फोन शोधायला लागली. त्यातले नरच गातात म्हणे. घरी त्यांना गाजर खायला घातलं, कारण ते खातात तेच शेवटी आबांच्या पोटात जाणार. वर कॅल्शियमची पूड, पिठात घोळवल्यासारखी. पेटीत न खाल्लेला किडा रात्रभर सोडायचा नाही, तो झोपलेल्या सरड्याला चावतो. पहिल्या दिवशी पाच टाकले, तासाने पाचही परत काढले. एक निसटून कपाटाखाली गेला आणि पावसाच्या आवाजात रात्रभर गात राहिला. सकाळी मी आईची माफी मागायला गेले तर म्हणाली, "असू दे. मालगुंडला झोपल्यासारखं वाटलं."

सतराव्या दिवशी ३५९. दहा टक्क्यांची रेघ ३४७ वर होती, ती मी डायरीत लाल पेनाने मारली होती.

एकोणिसाव्या दिवशी दुपारी पावणेतीनला ऑफिसात फोन आला. आई सहसा ऑफिसात फोन करत नाही, म्हणून माझा हात थरथरला.

"आवाज आला," ती हळू आवाजात म्हणाली.

"कसला?"

"कुरकुर. पोह्याचा पापड मोडल्यासारखा. मी तीन किडे टाकले आणि इकडे तोंड करून बसले. आधी काही नाही. मग एक आला. आत्ता परत एक आला."

"बघितलंस का? खाल्लेच ना?"

"नाही बघितलं. भिंतीकडे तोंड करून बसलेय मघापासून," आई कुजबुजली. "पाय अवघडले गं. तू येईपर्यंत अशीच बसू का?"